हिरव्या कपाटाबद्दल सगळ्यांचं म्हणणं

"रंग खरवडून पॉलिश करायचंय की आहे तसंच ठेवायचंय, एवढंच सांगा," बायको म्हणाली.

बघूसाहेबांनी चहाच्या कपात बघितलं, कपाटाकडे बघितलं, पुन्हा कपात बघितलं आणि उभ्या आयुष्यात प्रत्येक प्रश्नाला दिलेलं उत्तर याही प्रश्नाला दिलं. "बघू."

त्यांना खरं नाव आहे, पण ते पगारपत्रकाबाहेर फारसं वापरात नाही. ऑफिसात शिपायापासून वरिष्ठांपर्यंत सगळे त्यांना बघूसाहेबच म्हणतात, आणि यात आपली थट्टा होते असा संशय त्यांना अजून आलेला नाही. ज्या खात्यात ते नोकरी करतात तिथे पटकन निर्णय घेणं म्हणजे भर सभेत ढेकर देण्यासारखं मानतात. फाईल आली की तिच्यावर अभिप्राय मागवायचे. आलेले अभिप्राय एकमेकांशी जुळत नाहीत म्हणून पुन्हा मागवायचे. तोवर ज्याचं काम असतं तो माणूस एकतर कंटाळतो किंवा गाव सोडून जातो, आणि प्रश्न आपोआप सुटतो. या पद्धतीने त्यांची सगळी नोकरी सुखात गेली. कपाट मात्र कंटाळणाऱ्यातलं नव्हतं, आणि गाव सोडून जाण्याइतके त्याचे पायही धड नव्हते.

कपाट म्हणजे स्वयंपाकघरातलं जुनं जाळीचं कपाट. आईचं. माणसापेक्षा वीतभर उंच, दोन दारांना बारीक जाळी, खाली दोन खण. त्यातला एक उघडत नाही, दुसरा बंद होत नाही. मुंग्या चढू नयेत म्हणून चारही पाय वर्षानुवर्षं पाण्याच्या वाट्यांत उभे, त्यामुळे घोट्यापर्यंत पांढरे पडलेले. एका दाराला चिनी मातीची मूठ आणि दुसऱ्याला दोऱ्याचं रिकामं रीळ ठोकलेलं. आणि या सगळ्यावर हिरवा ऑइलपेंट. तो वडिलांनी दिलेला. गॅलरीच्या कठड्याला देऊन उरला होता, आणि उरलेली वस्तू टाकून देणं त्या माणसाच्या रक्तात नव्हतं. तोच रंग पुढे मोरीच्या दाराला आणि एका बादलीलाही लागला.

आता यात एवढं काय, घासा नाहीतर सोडा, असं कुणीही म्हणेल. बायको तेच म्हणत होती. पण पेच कपाटाचा नव्हताच, ताईचा होता.

आई गेल्यावर जुनं घर रिकामं करायचं ठरलं, तेव्हा बघूसाहेबांनी टेम्पो आणला आणि कपाट आपल्याकडे आणलं. थोरली ताई दारात उभी होती. "ने," ती म्हणाली, "तुझ्याकडेच बरं." तोंडाने 'ने' म्हणाली, पण असं 'ने' ऐकलं की माणसाने वस्तू तिथेच खाली ठेवावी. बघूसाहेबांनी ठेवली नाही. तेव्हापासून, पूर्वी दूध उतू जाईपर्यंत फोनवर बोलणारी ताई चार शब्दांवर आली. "बरं आहे ना?" "बरं आहे." "कपाट?" "कपाटही बरं आहे." "ठेवते मग." आजाऱ्याची चौकशी करावी तशी ती कपाटाची चौकशी करायची. फोन ठेवल्यावर बघूसाहेबांना ताईची फार आठवण यायची. बहीण जिवंत, धडधाकट, फोनवर आहे, आणि तरी आठवण येते, हे कुणाला सांगणार?

आणि आता ती येणार होती. डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ मिळाली होती, म्हणून दोन दिवस, फक्त दोन दिवस. घरात पाऊल टाकल्याटाकल्या तिची नजर कपाटावर जाणार. रंग काढलेला असला तर म्हणणार, आईवडिलांच्या वेळचं काही शिल्लक ठेवलं नाहीस. काढलेला नसला तर म्हणणार, आईच्या कपाटाची ही दशा केलीस? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. कपाट बरोबर निघालं तर ताई पुन्हा पहिल्यासारखी बोलेल, चुकलं तर दोन दिवसांत चार शब्द बोलून परत जाईल, अशी बघूसाहेबांची पक्की समजूत होती. म्हणून त्यांनी जे त्यांना येत होतं तेच केलं. अभिप्राय मागवले.

पहिला अभिप्राय खालच्या मजल्यावरच्या प्रोफेसरांचा. प्रोफेसर निवृत्त झालेत, पण व्याख्यान अजून निवृत्त झालेलं नाही. त्यांनी कपाटाभोवती एक फेरी मारली, चष्मा कपाळावर चढवला, आणि बोलायला लागले. "हात लावू नका. जुन्या वस्तूचं जुनेपण हीच तिची श्रीमंती. हा रंग म्हणजे इतिहास आहे."

"कठड्याचा उरलेला रंग आहे तो," बघूसाहेब म्हणाले.

"इतिहास उरलेल्या गोष्टींचाच असतो!" प्रोफेसर म्हणाले आणि स्वतःच्या वाक्यावर इतके खूश झाले की ते दोनदा म्हणाले. प्रोफेसरांच्या स्वतःच्या घरात सगळ्या खुर्च्या प्लॅस्टिकच्या आहेत, हा मुद्दा बघूसाहेबांना सुचला, पण जिना उतरून प्रोफेसर घरी पोचल्यावर सुचला.

दुसरा अभिप्राय समोरच्या वहिनींचा. वहिनी दिवसभर मोबाइलवर जुन्याचं नवं करण्याचे व्हिडिओ बघतात. घरात एकही बाटली त्यांनी बाटली म्हणून राहू दिलेली नाही. "भाऊजी, अजिबात विचार करू नका. हिरवा काढायचा, पांढरा द्यायचा, आणि मग कडेकडेने थोडा घासायचा. म्हणजे कसं जुनं दिसतं!"

"पण वहिनी, ते जुनंच आहे."

"आहे हो. पण दिसत नाही ना!"

वहिनींनी तेवढ्यात घरातून पांढरा रंग आणून कपाटाच्या डाव्या अंगाला हातभर पट्टा मारूनही दाखवला. "नमुना आहे, आवडला नाही तर निघतो," असं त्या म्हणाल्या. तो निघाला नाही.

मग पॉलिशवाला आला. त्याने कपाटावर टकटक केलं, कान लावला, आणि म्हणाला, "साग." मग दुसरीकडे टकटक केलं आणि म्हणाला, "तसं सांगता येत नाही." बघूसाहेबांना हा माणूस एकदम आपल्यातला वाटला. पॉलिशवाल्याने उजव्या अंगाला कसलंसं द्रावण लावून तळव्याएवढा रंग उडवून दाखवला. आतून तपकिरी लाकूड डोकावलं, आणि घरभर असा वास सुटला की बायकोने खिडक्या उघडल्या आणि मग बघूसाहेबांकडे बघितलं.

"हे घरात जमायचं नाही," पॉलिशवाला म्हणाला. "डोळे जातील माणसाचे. खाली अंगणात काढा. दोन दिवसांत आरसा करून देतो."

डोळे दाखवायला येणाऱ्या बहिणीच्या स्वागताला डोळे घालवणारा वास बरा नव्हे, हे बघूसाहेबांना पटलं. कपाट अंगणात न्यायचं ठरलं. ठरलं म्हणजे बायकोने ठरवलं. तिने बरण्या, डबे, कपबश्या सगळं बाहेर काढलं आणि जिथे जागा मिळेल तिथे लावलं. साखर प्रवासाच्या बॅगेत गेली, चहाची पूड टीव्हीमागे आणि लवंगांची बरणी बघूसाहेबांच्या शर्टांच्या कप्प्यात. दुसऱ्या दिवशी ऑफिसात शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी विचारलं, "दात दुखतोय का हो?" ते "नाही" म्हणाले, पण कुणाचा विश्वास बसला नाही. दुपारपर्यंत तिघांनी त्यांना आपापल्या दातांच्या डॉक्टरांचे पत्ते दिले.

अंगण मात्र सोसायटीचं, आणि सोसायटी म्हणजे सेक्रेटरी. सेक्रेटरी सगळ्यात वरच्या मजल्यावर राहतात. देह भारदस्त, आवाज त्याहून भारदस्त, आणि नियमांवर त्यांचं प्रेम पोटच्या पोरासारखं. बघूसाहेबांनी परवानगी मागितली तेव्हा ते डोळे मिटून बसले.

"अंगणात वाहनं उभी करायला परवानगी आहे," ते म्हणाले. "कपाट हे वाहन नव्हे."

"नव्हे," बघूसाहेब म्हणाले.

"मग उद्या प्रत्येक जण कपाट घेऊन खाली उतरेल."

"कशाला उतरेल?"

"ते मला कसं माहीत? उतरेल हे नक्की."

बघूसाहेबांना राग यायला हवा होता. पण खरं सांगायचं तर त्यांना सेक्रेटरींचं कौतुकच वाटलं. अर्ज झाला, कमिटीची बैठक झाली. बैठकीत कपाटावर अर्धा तास आणि पाण्याच्या टाकीवरून झालेल्या जुन्या भांडणावर दीड तास चर्चा झाली. अखेर जिन्याच्या भिंतीला ओरखडा पडू नये या अटीवर परवानगी मिळाली. इकडे ताईचा दिवस जवळ येत चालला होता. पॉलिशवाला दोन दिवसांत आरसा करणार होता खरा, पण ते दोन दिवस कुठले हे त्याने सांगितलेलं नव्हतं.

कपाट उतरवायला पॉलिशवाला पुढे, बघूसाहेब मागे, आणि सूचना द्यायला प्रोफेसर. "हे मला मान्य नाही," प्रोफेसर म्हणत होते, "पण नेताच आहात तर डावीकडून न्या." ते डावीकडून नेलं. जिन्याच्या वळणावर कपाटाचा वरचा कोपरा भिंतीला आणि खालचा कठड्याला अडला. "थोडं तिरकं करा," प्रोफेसर म्हणाले. तिरकं केलं. तेव्हापासून ते ना वर जाईना, ना खाली. बंद न होणारा खण तेवढा एकाएकी घट्ट बंद झाला, एवढाच काय तो फायदा.

"अजून एक माणूस आणतो," असं म्हणून पॉलिशवाला गेला. फोन केला की म्हणायचा, "निघालोच आहे." दुसऱ्या दिवशीही निघालाच होता. इतके दिवस निघणारा माणूस बघूसाहेबांनी सरकारी दौऱ्यावरही पाहिला नव्हता.

आणि मग कपाटाने जिन्यात बिऱ्हाड केलं. पहिल्या दिवशी लोक तक्रार करत अंग चोरून जात होते. दुसऱ्या दिवशी कुणीतरी त्यावर छत्री ठेवली. मग दूधवाला वर चढायचे कष्ट वाचवायला सगळ्यांच्या पिशव्या तिथेच ठेवू लागला, पेपरवाल्याने त्याचं बघून पेपर ठेवले, आणि वहिनींनी जाळीतून एक वेल सोडला. दूधवाल्यानेही जाता जाता मत दिलं, "काळा रंग द्या साहेब, मळ दिसत नाही." सेक्रेटरी पोट आत ओढून, श्वास धरून, भिंतीला घासत तिथून जायचे. भिंतीला ओरखडा पडला तो कपाटाचा नव्हे, त्यांच्या पट्ट्याच्या बकलाचा. एका सकाळी त्यांनी कपाटाच्या बरोब्बर मधोमध कागद चिकटवला, 'जिन्यात सामान ठेवू नये. हुकमावरून.' चिकटवायला दुसरी सोयीची जागा नव्हती म्हणे.

इज्जतीचा असा पंचनामा बघूसाहेबांनी आजवर पाहिला नव्हता. जिना चढताउतरताना लोक आता "कसं काय?" विचारत नसत, "काय ठरलं?" विचारत. प्रोफेसरांनी खडूने एक चौकोन आखून 'एवढा भाग तरी राखावा' असं लिहून ठेवलं होतं. एका अंगाला पांढरा पट्टा, दुसऱ्या अंगाला तपकिरी ठिगळ, वर वेल, मध्ये हुकूम. रस्त्यावर पडलेल्या कपाटाचीसुद्धा याहून बरी अवस्था असते.

"करायला गेलो काय आणि झालं काय," ते बायकोला म्हणाले.

"तुम्ही करायला गेलातच कुठे?" बायको म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता. ती प्रवासाच्या बॅगेतून साखर काढत होती. "उद्या ताई येतायत. त्यांना चहा तरी कपात देता येईल का, ते शोधते."

हे त्यांना लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी रजा टाकली, शेजारून धारेचा पत्रा मागून आणला, आणि कुणालाही काहीही न विचारता जिन्यात जाऊन एका दाराचा रंग खरवडायला बसले. कुणी विचारलं तर सांगायचं, ठरलं. बास. पहिला अर्धा तास त्यांना स्वतःबद्दल बराच आदर वाटला. हिरवे पापुद्रे केसांत, मिशीत, कॉलरमध्ये जाऊन बसत होते. दार अर्धं झालं. आणि मग नेहमीचा विचार आला: ताईला हिरवाच आवडत असला तर? हात थांबला. अर्धं दार लाकडी, अर्धं हिरवं. आता मागे गेलं तरी चूक आणि पुढे गेलं तरी चूक. ते पत्रा हातात धरून पायरीवर बसून राहिले. त्यांना अगदी रडावंसं वाटलं, पण वरून कुणी येत असेल म्हणून रडले नाहीत.

वरून कुणी आलं नाही. खालून आली. एका हाताने कठडा धरत, प्रत्येक पायरीवर दम घेत, खांद्याला पिशवी. ताई दुपारच्या ऐवजी सकाळच्याच गाडीने आली होती. वळणावर येऊन ती थांबली. कपाट, वेल, दुधाच्या पिशव्या, हुकूम, आणि त्यासमोर मिशी हिरवी झालेला आपला भाऊ.

"अगं बाई!" ताई म्हणाली. "हे इथे काय करतंय?"

बघूसाहेब उभे राहिले आणि एका श्वासात सगळं सांगून टाकलं. तू येणार म्हणून, प्रोफेसर म्हणाले हात लावू नका, वहिनी म्हणाल्या पांढरा, पॉलिशवाला म्हणाला आरसा, सेक्रेटरी म्हणाले वाहन नव्हे, मग वळणावर अडकलं, पॉलिशवाला निघालाच आहे. सांगता सांगता आवाज बारीक झाला. ताई खालच्या पायरीवर टेकली. गुडघे दाबत ऐकत राहिली.

"म्हणजे सगळ्यांना विचारलंस," ती म्हणाली.

"हो."

"त्या प्रोफेसरांना?"

"हो."

"समोरच्या बाईंना? सेक्रेटरींना?"

"त्यांची तर परवानगीच लागते."

"दूधवाल्याला?"

"तो आपणहून बोलला. काळा म्हणाला."

ताईने मान हलवली. जाळीवरून एक बोट फिरवलं, धूळ बघितली, पदराला पुसली. मग त्याच आवाजात, भाऊ लहान असताना त्याला गणित समजावायची त्या आवाजात, म्हणाली, "आणि मला रे?"

बघूसाहेबांनी पत्रा हळूच पायरीवर ठेवला.

"मला कपाट नकोच होतं," ताई म्हणाली. "माझ्या स्वयंपाकघरात ते उभं तरी राहिलं असतं का? दार उघडलं असतं तर मला बाहेर जावं लागलं असतं. पण टेम्पो दारात येऊन उभा राहिला तेव्हा मला कळलं, की ठरलंय. ताई, काय करू या गं याचं? एवढं एक वाक्य बोलला असतास ना, तर मीच म्हटलं असतं, ने. म्हटलंच मी. पण न विचारता म्हणायला लागलं रे. फार लागलं ते मला. वेड्यासारखी दर फोनला कपाटाचं विचारत राहिले, आज तरी तुला काही सुचेल म्हणून."

"मला वाटलं," बघूसाहेब म्हणाले, "विचारलं आणि तू हवं म्हणालीस तर? मला ते फार हवं होतं, ताई. सबंध आयुष्यात तेवढी एकच गोष्ट मी पटकन ठरवली. कुणालाही न विचारता."

ताईने त्यांच्या हिरव्या मिशीकडे बघितलं. मग तिला हसू आलं. आधी खांदे हलले, मग पदर तोंडाला गेला, मग डोळ्यांतून पाणी आलं आणि ते हसण्याचंच होतं असं काही सांगता येईना. "एकदाच ठरवलंस," ती म्हणाली, "आणि तेही असं!" बघूसाहेबही हसायला लागले. हिरवे पापुद्रे मिशीतून खाली पडत होते.

आवाज ऐकून बायको वरून डोकावली. दोघांना पायरीवर हसताना बघून ती आत गेली आणि कुठूनतरी तीन कप शोधून चहा घेऊन खाली आली. तिने कप कपाटावर ठेवले, दुधाच्या पिशव्या जरा सरकवून.

"ताई," बघूसाहेबांनी घसा साफ केला. या खेपेला त्यांनी पूर्ण वाक्य म्हटलं. "काय करू या गं याचं?"

ताईने चहाचा घोट घेतला. कपाटाकडे वरून खाली पाहिलं, मग खालून वर. कसलीच घाई नसल्यासारखं पाहिलं.

"असं उभ्या उभ्या नाही सांगता येत," ती म्हणाली. "राहून, नीट बघून सांगावं लागेल. आठवडा तरी जाईल." मग बायकोकडे वळली. "अगं, परतीची गाडी उद्याची आहे, ती रद्द करायला सांग याला. आणि माझी पिशवी वर ने. तुला सांगते, आई या खालच्या खणात काय काय लपवून ठेवायची! एकदा काय झालं..."

वरून जड पावलं वाजली. सेक्रेटरी वळणाशी येऊन थांबले. पोट आत ओढलं, श्वास धरला, पण पायरीवर तीन माणसं, तीन कप आणि एक कपाट, यातून वाट निघेना. त्यांनी श्वास सोडला. "अहो, मला खाली जायचंय," ते म्हणाले. "जिन्यात असं बसायला मनाई आहे."

"थांबा हो जरा," ताई मागे न बघता म्हणाली. "किती वर्षांनी बोलतोय आम्ही." आणि पुढचं सांगायला लागली.